सोमा तायडे यांची हजेरी

संस्थेच्या प्रमुखपदी बसलेल्या मनुष्याकडून असा एक अपराध घडू शकतो की, ज्यात तो कोणाचे काही हिरावून घेत नाही, कोणाला कटू शब्द बोलत नाही, कोणताही नियम मोडत नाही. केवळ आपली दृष्टी एका माणसावरून काढून दुसऱ्यावर ठेवतो. बाहेरून पाहणाऱ्याला त्यात काहीच घडलेले दिसत नाही. परंतु जिच्यावरून दृष्टी निघाली ती व्यक्ती ते जाणते, आणि ज्याने ती काढली तोही जाणतो. माझ्या हातून हा अपराध घडला. घडला त्या दिवशी माझ्या खांद्यावर नवे उपरणे होते आणि माझ्या भाषणाला टाळ्या पडल्या होत्या.

सुरतेत गोडादरा भागात आमचे महाविद्यालय आहे. दोन मजले, आठ खोल्या, मागे पत्र्याची शेड. खानदेशातून लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कामासाठी आलेल्या माणसांनी आपल्या मुलांसाठी ते उभे केले. शासनाचे अनुदान नाही. विद्यार्थ्यांचे शुल्क आणि माजी विद्यार्थ्यांचा हातभार, एवढ्यावर ते चालत आले. त्यातही सकाळचे वर्ग म्हणजे संस्थेचा प्राण. रात्रपाळी संपवून आलेले तरुण साडेसातला वर्गात बसत आणि साडेदहाला घरी जाऊन झोपत. काही मुली साडेदहाला सुटून तशाच कापड बाजारात कामावर जात. या वर्गांचे शुल्क नाममात्र होते. शिक्षकांचे मानधन निघे ते माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून.

हा निधी कसा जमत असे ते सांगितले पाहिजे. आमचे पहिले प्राचार्य वाल्मिक बोरसे. त्यांनी स्थापनादिनी एक प्रघात पाडला होता. फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी अंगणात सतरंज्या घालायच्या, मध्यभागी तांब्याची घागर ठेवायची, आणि बोरसे सरांनी जुने हजेरीपुस्तक उघडून पहिल्या तुकडीपासून नावे पुकारायची. वर्गात पुकारतात तशी. ज्याचे नाव येई तो उभा राहून "हजर, सर" म्हणे, पुढे येऊन आपले पाकीट घागरीत टाके आणि जागेवर जाऊन बसे. पाकिटे सगळ्यांची सारखी, खाकी कागदाची. ती कार्यालयातल्या मालतीबाई स्वतः चिकटवून आधीच घरोघर पोहोचवत. पाकिटावर नाव नाही, आकडा नाही. एखादा माजी विद्यार्थी निवर्तला असेल तर त्याच्या घरचे कोणी उठून त्याच्या नावाला "हजर" म्हणे. सहाशेंवर नावे. तीन तास लागत. मग सर्वांनी वरण-बट्टी खायची.

मी तेथे संस्कृत शिकवीत असे. आडनाव दुसरेच, पण मुले मला शास्त्रीसर म्हणत. त्या तीन तासांत मी मांडी बदलून बदलून अवघडून जात असे, आणि मनात म्हणत असे की ही काय दान घेण्याची रीत! पाहुणे कंटाळतात, ज्याने पुष्कळ दिले आणि ज्याने किंचित दिले ते एकाच ओळीत उठतात, दात्याचा गौरव म्हणून काही होत नाही. मी स्वतः वर्गात हजेरी क्रमांकाने घेत असे. "सतरा, अठरा, एकोणीस." दोन मिनिटांत काम होई.

बोरसे सर निवृत्त झाले, आणि वर्षभरात गेले. प्राचार्यपद माझ्याकडे आले. विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष हेमराजभाऊ, सुताचे मोठे व्यापारी आणि आमच्याच तिसऱ्या तुकडीचे विद्यार्थी, मला म्हणाले, "सर, आता जरा काळाप्रमाणे करू. मोबाइलवरून पैसे घेऊ. मोठे देणारे आहेत, त्यांचा मान ठेवू." मला ते मनापासून पटले. इतकेच नव्हे, त्याला शास्त्रीय रूप मीच दिले. दात्यांच्या मी तीन श्रेणी पाडल्या आणि त्यांना नावेही दिली: दानश्रेष्ठ, दानवीर, दानशील. त्यांच्याकरिता दर्शनी भिंतीवर संगमरवरी फलक. उरलेल्यांसाठी कार्यक्रमपत्रिकेच्या शेवटी दोन शब्द: इतर स्नेही. ती नावे सुचली त्या दिवशी मी स्वतःवर प्रसन्न होतो, हे येथे कबूल करतो.

त्या वर्षीच्या स्थापनादिनी सतरंज्यांऐवजी खुर्च्या होत्या. सहा दात्यांना शाल आणि श्रीफळ दिले गेले. मी दानधर्मावर बोललो. बोलत असताना मागच्या रांगेत एक स्त्री मला दिसली. पांढरी साडी, मांडीवर दोन्ही हात, आणि हातांत खाकी पाकीट. ती अंजनाबाई तायडे होती, हे मी ओळखले. पहिल्या तुकडीतल्या सोमा तायडेची पत्नी. सोमा दिवाळीच्या सुमारास छातीच्या विकाराने गेला होता. मी समाचाराला जाऊ शकलो नव्हतो. तिने मालतीबाईंना जवळ बोलावून काही विचारले. मालतीबाई व्यासपीठाच्या कडेशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "सर, हजेरी कधी आहे, असं विचारतायत." मी हाताने खूण केली: नंतर. त्याच वेळी माझी आणि त्या बाईंची नजरानजर झाली. मी दृष्टी वळवली आणि पहिल्या रांगेतल्या हेमराजभाऊंकडे पाहून पुढचे वाक्य उच्चारले.

नंतर काहीच नव्हते. हे मला ठाऊक होते. कार्यक्रम संपला, लोक जेवायला उठले. अंजनाबाई जेवणाच्या पंगतीकडे न वळता फाटकातून बाहेर पडल्या. पाकीट त्यांच्या हातातच होते.

त्या वर्षी निधी पूर्वीपेक्षा दुप्पट जमला. माझी स्तुती झाली. दुसऱ्या वर्षी तो निम्मा झाला. तिसऱ्या वर्षी मोबाइलवरच्या आवाहनाला लोकांनी हात जोडल्याची चित्रे पाठवली, पैसे पाठवले नाहीत. फलकावर ज्यांची नावे होती ते सहा जणही हळूहळू थांबले. दगडावर नाव एकदाच कोरायचे असते, आणि ते कोरून झाले होते. चौथ्या वर्षाच्या डिसेंबरात विश्वस्त मंडळाची सभा भरली आणि हेमराजभाऊ म्हणाले, "शास्त्रीसर, मी एकट्यानं किती ओढायचं? सकाळचे वर्ग जूनपासून बंद करू. दुपारचे तरी धड चालू देत."

"माजी विद्यार्थ्यांना एकदा पुन्हा..." मी म्हणू लागलो.

"कुठले माजी विद्यार्थी? भिंतीवर बघा ना. सहा नावं आहेत. त्यातला एक मी." मग उठता उठता म्हणाले, "स्थापनादिनापर्यंत थांबतो. वर्षभराच्या मानधनाची सोय झाली तर चालू ठेवा, नाही तर नाही."

सूचनाफलकावर तसे पत्रक लागले. दुसऱ्याच दिवशी द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी माझ्या दाराशी येऊन उभी राहिली. चैताली तायडे. सकाळी वर्ग, अकरापासून रिंग रोडच्या बाजारात साड्यांच्या घड्या घालून पेटीत भरण्याचे काम.

"सर, बंद होणार हे नक्की आहे का?"

"अद्याप नक्की नाही."

"दुपारच्या वर्गाला मी येऊ शकत नाही, सर. काम सोडलं तर घर चालत नाही." तिच्या स्वरात तक्रार नव्हती. "एकच वर्ष राहिलंय माझं. नसेल होणार तर आत्ताच सांगा, म्हणजे पुढच्या फीसाठी जमवलेलं दुसरीकडे लावता येईल."

मी तिला "पाहू" म्हणालो. ती गेल्यावर माझ्या ध्यानात आले की तिचा क्रमांक मला पाठ होता, चौदा. परंतु ती सोमाची मुलगी आहे याचा मी दीड वर्षात एकदाही विचार केला नव्हता. आणि ज्या हातखुणेने मी तिच्या आईला थांबवले होते, तीच खूण आता मुलीच्या शिक्षणावर येऊन पडली होती.

मी मालतीबाईंना बोलावले आणि जुने हजेरीपुस्तक मागितले.

"कुठलं? बोरसे सरांचं?" त्यांनी चष्म्यावरून पाहिले. "तुम्हीच म्हणालात ना सर, जुनं दप्तर काढून टाका म्हणून."

"टाकले?"

"टाकते कशाला! घरी नेलं. साडीच्या पेटीत घालून कपाटावर ठेवलंय. चोरी म्हणायची तर म्हणा."

"मालतीबाई, यंदा हजेरी घ्यावी म्हणतो."

त्यांनी खुर्ची ओढून घेतली. मग म्हणाल्या, "पत्रिका धाडून येणारी माणसं नाहीत ही. बोरसे सर पाळी बदलायच्या वेळेला कारखान्याच्या दारात जाऊन उभे राहायचे. पैशांचं नाव काढायचे नाहीत. पोरं कशी आहेत, गावी पाऊस झाला का, एवढंच. आणि हे वर्षभर चालायचं सर, नुसतं फेब्रुवारीत नाही."

"हे मला कधी कळले नाही."

"तुम्ही तेव्हा ग्रंथालयात असायचात," मालतीबाई म्हणाल्या.

त्याच आठवड्यात संध्याकाळी आम्ही दोघे रिक्षाने लिंबायतला गेलो. सातची वेळ. अरुंद गल्लीच्या दोन्ही बाजूंना लूमचा खडखडाट इतका की शेजारच्याशी बोलतानाही ओरडावे लागे. एका कारखान्याच्या पायरीवर सुपडू उभा होता. पहिल्या तुकडीचा विद्यार्थी, आता तेथील मास्टर, म्हणजे लूम बिघडला की दुरुस्त करून देणारा आणि कारागिरांवर देखरेख ठेवणारा. डोक्यावर आणि भुवयांवर कापसासारखी पांढरी धूळ. मला पाहताच त्याने हात जोडले, पण डोळे हसत होते.

"या सर, या! काबरं, आज रस्ता भुलनात का?"

"नाही सुपडू. तुलाच भेटायला आलो."

"माले? दानवीर कोनी भेटना नही वाटस!" आजूबाजूचे चार जण हसले. मालतीबाईही हसल्या. मी हसण्याचा यत्न केला. सुपडू पुढे म्हणाला, "बरं सर, शुद्ध बोलतो आता. नाही तर मार्क कापाल."

आम्ही गल्लीच्या तोंडाशी चहाच्या टपरीवर बसलो. मी त्याला सकाळच्या वर्गांची अवस्था सांगितली आणि यंदा हजेरी घेणार असल्याचेही सांगितले. तो चहा बशीत ओतून शांतपणे पीत होता.

"सर, तुम्ही मला 'इतर'मध्ये टाकलं त्याचा मला राग नाही. घरात आम्ही सात भावंडं, मी लहानपणापासून इतरच आहे." त्याने बशी खाली ठेवली. "पण त्या दिवशी मी सोमाच्या बायकोशेजारी बसलो होतो. ती मला विचारत होती, भाऊ, हजेरी जेवणानंतर असते का आता? मी हो म्हटलं. मला वाटलं, शास्त्रीसर आहेत, विसरणार नाहीत. मी तिच्याशी खोटं बोललो असं झालं, सर. तुमच्यामुळे."

मी मान खाली घातली.

"त्या दिवसापासून आमची तुकडी येत नाही. तसं ठरवलं कुणीच नाही. पुढच्या वर्षी मी गेलो नाही, मला वाटलं बाकीचे गेले असतील. बाकीच्यांना वाटलं मी गेलो असेन. नंतर कळलं, कुणीच गेलं नव्हतं."

"आता याल का?"

"आधी तिच्याकडे जा," सुपडू म्हणाला. "ती आली तर पहिली तुकडी येईल. पहिली आली की मागच्या येतात. आम्ही वर्गातपण तसेच बसायचो."

अंजनाबाईंचे घर तेथून दोन गल्ल्या पलीकडे होते. मालतीबाई म्हणाल्या, "हे मात्र तुम्ही एकटे जा, सर." मी दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो. दार उघडेच होते. जमिनीवर लाकडी चौकटीत गुलाबी साडी ताणून बसवलेली, आणि अंजनाबाई तिच्यावर डिंकाने चमकदार टिकल्या चिकटवत होत्या. भिंतीवर बुद्धांची तसबीर, तिच्याखाली सोमाचे छायाचित्र. मला पाहून त्या उठल्या, पदर सावरला, खुर्ची पुढे केली.

"जय भीम, सर. बसा." मग किंचित थांबून, "चहा घेता ना?"

त्या थांबण्यात दुसरा एक प्रश्न होता, आणि तो प्रश्न त्यांना पडावा याला कारण मीच होतो. सोमा विद्यार्थी असताना पालीतली वचने समजावीत म्हणून माझ्याकडे संस्कृत व्याकरणाच्या शंका घेऊन येत असे. त्याने मला घरी बोलावले होते. मी कामांची सबब सांगितली होती.

"घेतो," मी म्हणालो. "सोमाने दोनदा बोलावले होते. येणे झाले नाही."

"तीनदा," अंजनाबाई म्हणाल्या आणि चहा करायला वळल्या.

चहा झाला. मी पेला खाली ठेवून हात जोडले. "अंजनाबाई, त्या दिवशी तुम्ही मागच्या रांगेत होता. मी तुम्हाला पाहिले होते."

"माहीत आहे. आपली नजरानजर झाली होती."

"मी मालतीबाईंना नंतर म्हणालो. नंतर काही नव्हते, हे मला ठाऊक होते."

"तेही नंतर कळलं मला."

मला वाटले होते की एवढे बोलल्यावर मन हलके होईल. झाले नाही. मी पुढे बोलत राहिलो. संस्थेचा तोटा झाला, तुमच्यासारख्यांचा हातभार तुटला, त्याचे मोल मला तेव्हा कळले नाही, असे काहीसे. त्यांनी ते ऐकून घेतले. मग उठून तसबिरीमागे हात घातला आणि एक खाकी पाकीट काढून माझ्या हाती दिले. कडा मऊ पडल्या होत्या, पण चिकटवलेले तोंड तसेच होते.

"उघडा."

"हे तुमचे..."

"उघडा म्हणते ना, सर."

मी उघडले. पाकीट रिकामे होते.

"त्या वर्षी घरात काहीच नव्हतं," अंजनाबाई म्हणाल्या. "दवाखान्यात सगळं गेलं होतं. त्यांनी जायच्या आधी सांगितलं होतं, हजेरी चुकवू नको. बोरसे सरांनी एकदा वर्गात सांगितलं होतं म्हणे, ज्याला जमणार नाही त्यानं रिकामं पाकीट टाका, पण या. आमच्या लग्नानंतर दोन वर्षं ह्यांनीही रिकामंच टाकलं. नंतर भरून टाकलं. कुणाला कधी कळलं नाही." त्या पुन्हा चौकटीपाशी बसल्या. "मला काही द्यायचं नव्हतं सर त्या दिवशी. सगळ्यांसमोर त्यांचं नाव एकदा ऐकायचं होतं, आणि हजर म्हणायचं होतं. तुमच्या त्या दगडावर रिकाम्या पाकिटाला कुठली श्रेणी आहे?"

इतकी वर्षे मी समजत होतो की आपण एका बाईचे दान नाकारले. प्रत्यक्षात त्या काही मागायला आल्या होत्या, आणि ज्यासाठी मला एक कवडीही खर्चावी लागली नसती ते एक नाव मी उच्चारले नव्हते. घागरीत पडणाऱ्या सगळ्या पाकिटांत त्या रिकाम्या पाकिटांचा वाटा किती मोठा होता, तेही आता मला दिसले. ज्याने एखाद्या वर्षी रिकामे टाकले, आणि ज्याची लाज राखली गेली, तो पुढची वीस वर्षे भरून टाकीत राहिला होता.

"मला क्षमा करा," मी म्हणालो.

त्यांनी एक टिकली उचलली, जागेवर ठेवली, बोटाने दाबली. "चैतालीचं वर्ष पुरं होऊ द्या. मग क्षमेचं बघू." थोड्या वेळाने म्हणाल्या, "मी येईन. नाव नीट घ्या. पूर्ण. त्यांना अर्ध्या नावानं हाक मारलेली आवडायची नाही."

ते रिकामे पाकीट मी परत दिले. त्यांनी ते पुन्हा तसबिरीमागे ठेवले.

त्यानंतरच्या दीड महिन्यात मी रोज संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या कारखान्याच्या दाराशी उभा राहिलो. लिंबायत झाले, गोडादरा झाले, एकदा शहराबाहेर सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत गेलो. कोणी आदराने बोलले, कोणी पाठ फिरवून निघून गेले. एकाने तोंडावर विचारले, "सर, निवृत्ती जवळ आली का?" मी पैशांचा विषय काढला नाही. फक्त विचारीत असे, मुले कशी आहेत. पहिल्या काही दिवसांत हा प्रश्न माझ्या तोंडी मलाच परका वाटे. पुढे पुढे मला उत्तरे लक्षात राहू लागली.

हेमराजभाऊंना मी जाऊन सांगितले की यंदा शाल नाही, श्रीफळ नाही, व्यासपीठही नाही. ते नाराज झाले. "म्हणजे मी सतरंजीवर बसायचं?" म्हणाले. मी म्हणालो, "तिसऱ्या तुकडीत बसायचे."

तो रविवार उजाडला. घागर घासून ठेवली होती. साडेसातला अंगणात पंधरा-वीस माणसे होती आणि मी पुन्हा पुन्हा फाटकाकडे पाहत होतो. पावणेआठला सुपडू फाटकातून आला; पाठोपाठ पहिल्या तुकडीचे दहा-बारा जण, रात्रपाळीहून थेट, डोक्यावर ती पांढरी धूळ तशीच. त्यांच्यामध्ये अंजनाबाई, आणि त्यांच्या बाजूला चैताली. त्यांच्यामागून गल्लीभर माणसे येताना दिसली. सर्वजण आले असे मुळीच नाही. पुष्कळ सतरंज्या शेवटपर्यंत मोकळ्या राहिल्या, आणि त्या तशा का राहिल्या हे मला ठाऊक आहे.

मी हजेरीपुस्तक उघडले. बोरसे सरांचे अक्षर टपोरे, निळ्या शाईचे. मी क्रमांक न वाचता नावे वाचू लागलो. "हजर, सर." "हजर, सर." कोणी हळू, कोणी जोरात. काही नावांना उत्तर आले नाही. तेथे मी थांबलो, वाट पाहिली, मग पुढे गेलो. बाराव्या नावाशी आल्यावर मी पुस्तक हाती घेऊन उभा राहिलो.

"तायडे सोमा किसन."

अंजनाबाई उठल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि या वेळी मी दृष्टी हलवली नाही.

"हजर," त्या म्हणाल्या. सर म्हणाल्या नाहीत. ते बरोबरच होते.

त्या घागरीपाशी गेल्या, पाकीट टाकले, आणि येऊन बसल्या. ते नवे होते की तसबिरीमागचे, हे मला दिसले नाही.

तिसऱ्या तुकडीत हेमराजभाऊंचे नाव आले तेव्हा ते मोबाइलकडे पाहत बसले होते. मी दुसऱ्यांदा पुकारले. पहिल्या तुकडीतून सुपडूचा आवाज आला, "हेमराज, हजर म्हन रे भो, नही ते सर गैरहजर मांडतीन!" सारे अंगण हसले. हेमराजभाऊ गडबडीने उठले, आणि खिशात हात घालून म्हणाले, "हजर आहे, सर. पाकीट मात्र घरी राहिलं." मालतीबाईंनी तेथल्या तेथे त्यांना एक खाकी पाकीट आणून दिले. इतरांना दिले होते तसेच.

दुपारी मालतीबाई आणि संस्थेचे चिटणीस पाकिटे मोजायला कार्यालयाचे दार लावून बसले. मी बाहेर बाकावर होतो. तासाभराने मालतीबाई आल्या, चष्मा पुसत.

"एक वर्ष चालेल, सर. जूनला दार उघडायचं. पुढचं पुढच्या हजेरीला."

मी डोळे मिटून घेतले. मग, का कोण जाणे, विचारले, "रिकामी पाकिटे किती निघाली?"

मालतीबाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "बोरसे सरांनी हे कधी विचारलं नाही," त्या म्हणाल्या, आणि आत निघून गेल्या.

मी बाकावरच बसून राहिलो. समोर संगमरवरी फलक होता. तो उतरवायला आणखी एक सभा लागेल. माझी सवय उतरायला किती सभा लागतील, मला सांगता येत नाही.

सोमवारी सकाळी साडेसातला मी द्वितीय वर्षाच्या वर्गावर गेलो आणि नावाने हजेरी घेतली. आठ मिनिटे लागली. चैताली सोमा तायडे हे नाव घेतले तेव्हा ती वहीतून मान वर करून "हजर, सर" म्हणाली आणि पुन्हा लिहू लागली. तिच्या आईने मला अजून क्षमा केलेली नाही. ठरल्याप्रमाणे ती मी पुढच्या वर्षी मागायला जाईन.

तोपर्यंत माझ्याकडे देण्याजोगे एवढेच आहे. त्या घागरीत ज्यांनी भरलेले पाकीट टाकले त्यांच्या घरी अन्न असो. ज्यांनी रिकामे टाकले त्यांची लाज झाकलेली राहो. जे आले नाहीत त्यांचे मन कधीतरी निवो. सोमाला शांती लाभो, आणि त्याच्या लेकीचे वर्ष निर्विघ्न पुरे होवो.